उलटा दिवा

आम्ही बंगल्यात राहायचो असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच काही येतं, म्हणून आधीच खुलासा करते. बंगला सरकारच्या बांधकाम खात्याचा होता. आम्ही त्याच्या मागच्या दोन कौलारू खोल्यांत राहायचो. राजूर सोडून घाटाची वाट चढायला लागलं की डाव्या हाताला एका सपाटीवर तो उभा होता, इंग्रजांच्या काळात साहेब लोकांना उतरायला बांधलेला. माझे वडील, नाना, तिथले चौकीदार. चौकीदार म्हणजे खानसामाही तेच, माळीही तेच, आणि पावसाळ्याआधी छपरावर चढून कौलं चाळणारेही तेच. साहेब उतरले की नाना पांढरा कोट घालून चिनी मातीच्या बशांतून कस्टर्ड वाढत. साहेब गेले की कोट खुंटीला लागे आणि नाना आमच्या चुलीपुढं बसून नागलीची भाकरी हुलग्याच्या कालवणात कुस्करत. कस्टर्ड उरलं तर ते माझं. मला ते कधीच आवडलं नाही, पण साहेबांचं म्हणून मी वाटी चाटूनपुसून खायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सांगायची.

बंगल्याच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या दोन बाजूंना भिंतीवर दोन पितळी दिवे होते. नाना त्यांना दिवालगीर म्हणत, खात्याच्या यादीत त्यांचं काही इंग्रजी नाव होतं, आणि आसपासच्या वाड्यांतली माणसं त्यांना उलटे दिवे म्हणत. भिंतीला पिंपळपानाएवढी पितळी पाठ ठोकलेली, तिच्यातून वेलीसारखी वळत बाहेर आलेली दांडी, आणि दांडीच्या टोकाला तोंड खाली करून लोंबणारं दुधी काचेचं फूल. काचेच्या कडेला परकराच्या झालरीसारख्या चुण्या होत्या आणि चुण्यांच्या टोकांना फिकट गुलाबी रंग. काचेच्या वर एक छोटी पितळी चावी होती. ती पिळली की कट्ट असा आवाज होऊन दिवा लागायचा. नानांच्या आधीच्या म्हाताऱ्या चौकीदारानं नानांना सांगितलं होतं, की बंगल्यात इंजिनावर पहिल्यांदा वीज आली तेव्हा लांबलांबच्या वाड्यांतून माणसं हे दिवे बघायला आली होती. समई असो, चिमणी असो नाहीतर टेंभा, ज्योत वरच जायची. तोंड जमिनीकडं करून जळणारा दिवा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. एक म्हातारी म्हणे खालून हात धरून उभी राहिली, आता तेल गळेल म्हणून.

माझ्या वेळेपर्यंत बोर्डाची लाईन आली होती आणि दिवाणखान्यात नळीचा दिवा लागला होता. उलट्या दिव्यांची कुणाला गरज उरली नव्हती. पण दर शनिवारी सकाळी नाना स्टुलावर चढून दोन्ही दिवे उतरवत आणि ओट्यावर घेऊन बसत. चिंचेचा कोळ, विटकरीची बारीक भुकटी, जुन्या धोतराचा बोळा. काचा धुवायचं काम माझं, कारण माझे हात लहान होते आणि चुण्यांत जायचे. मग नाना पुन्हा ते जागेवर बसवत, चावी पिळून बघत, आणि उगीचच दोन पावलं मागं जाऊन उभे राहत. दुष्काळाच्या त्या वर्षी विहीर आटली तरी त्यांनी हा शनिवार सोडला नाही. आई मैलभरावरून डोक्यावर हंडा घेऊन यायची आणि नाना त्यातलं तांब्याभर पाणी दिव्यांना घालायचे. "पोरीची वेनी धुवायला पानी न्हाई आन ह्यांच्या दिव्यांची आंघूळ," आई म्हणायची. नाना ऐकल्यासारखं करायचेच नाहीत. काळेकुट्ट पडू दिले असते ते दिवे, तर पुढचं काहीच झालं नसतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नानांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्या गावी, वरच्या डोंगरातल्या वाडीत, एक रीत होती. घरी आलेल्या पाहुण्यानं एखादी वस्तू नावाजली, की ती त्याला द्यायची. पाहुणा नको म्हणाला तरी त्याच्या पिशवीत घालायची. नाना सांगत, "पाव्हन्याचा जीव गुतला त्यात. आता ती आपल्या घरात नांदनार न्हाई." त्यांच्या वाडीत बहुधा कुणाकडे नावाजण्यासारखं फारसं काही नसेल, म्हणून रीत टिकली. आमच्या घरातून मात्र तिच्यापायी एक तुरेवाला कोंबडा गेला, परसातला पहिला भोपळा गेला, आणि आईच्या माहेरून आलेली नवी घोंगडी गेली. पाहुणे दिसले की आई वस्तू लपवायला लागायची. एकदा तर तिनं लोणच्याची बरणी माझ्या हातात देऊन मला गोठ्यात बसवून ठेवलं होतं. आम्ही दोघी यावर खूप हसायचो.

त्या वर्षी दुष्काळी कामं निघाली होती. घाटात रस्ता रुंद करायचं काम सुरू झालं आणि ते बघायला नगरहून एक मोठे साहेब आले. आमच्या खात्याचे नव्हेत, पण जिल्ह्याच्या ठिकाणचे, म्हणजे सगळ्यांचेच. बरोबर बाईसाहेब होत्या. बाईसाहेब वाईट नव्हत्या, हे मला ठासून सांगायचं आहे. त्या स्वयंपाकघरात येऊन आईशी बोलल्या, दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा तुकडा मागून खाल्ला, मला जवळ बोलावून वर्तमानपत्र वाचायला लावलं. मी न अडखळता वाचलं म्हणून त्यांनी मला कौतुकानं बिस्किटांचा अख्खा पुडा दिला. "नगरला आलात की घरी या," त्या आईला म्हणाल्या. त्यांची मुलगी त्याच वर्षी लग्न होऊन परदेशी गेली होती आणि त्या कुणाशीही लगेच बोलायला बसत.

निघायच्या सकाळी त्या दिवाणखान्यात उभ्या राहिल्या. आदला दिवस शनिवार होता. खिडकीतून आलेलं ऊन पितळेवर पडलं होतं. "अगंबाई, किती सुंदर आहे हो हा दिवा. असं काम आता कुठं बघायलाही मिळत नाही," त्या नानांना म्हणाल्या. नाना हातात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. आई दारात होती. तिनं नानांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. तिनं मान जोरजोरात हलवली, पण नाना बाईसाहेबांकडं बघत होते. "तुमास्नी आवडला न्हवं, मंग घिऊन जावा बाईसाहेब," ते म्हणाले. बाईसाहेब दोनदा नको म्हणाल्या. पाहुणा दोनदा नको म्हणतोच. नानांनी स्टूल आणलं, शेकोटीच्या उजव्या बाजूचा दिवा उतरवला, जीपमध्ये फुटेल म्हणून बल्ब काढून ठेवला, आणि दिवा आपल्या धुतलेल्या फेट्यात गुंडाळून स्वतः नेऊन दिला. साहेब पुढच्या सीटवर बसले होते. "काय आहे ते?" त्यांनी विचारलं. "नानांनी भेट दिली," बाईसाहेब म्हणाल्या. साहेब बरं म्हणाले आणि जीप गेली.

जीप वळणाआड गेल्यावर आई म्हणाली, "त्यो काय तुमच्या बापाचा हुता?"

 दिवाणखान्यात येऊन नाना उजव्या बाजूच्या भिंतीकडं बघत उभे राहिले. तिथं पिंपळपानाच्या आकाराचा गडद डाग होता आणि खिळ्यांची भोकं. मला वाटतं त्या वेळी पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात आलं असेल, की दिलेली वस्तू त्यांची नव्हती. पंधरा वर्षं दर शनिवारी घासलेली, म्हणून ती त्यांना आपली वाटत होती. त्यांनी चुना कालवला, मी त्यात नीळ टाकली, आणि आम्ही दोघांनी ती अख्खी भिंत पांढरी केली. डागावर नानांनी लक्ष्मीचं कॅलेंडर लावलं. "बाईसाहेबांचं नाव निघाया नको कुठं," ते मला म्हणाले. "पाव्हन्याला दिलं आन मागून त्याची बदनामी केली, असं हुईल." त्यांना स्वतःला लपवायचं नव्हतं. ते बाईसाहेबांना झाकत होते. पण भिंतीवर कॅलेंडर दिसतं, माणसाच्या मनातलं दिसत नाही. आणि चुना मी कालवला होता, हेही इथं लिहून ठेवते.

दोन महिन्यांनी खात्याचा नवा ओव्हरसियर यादी घेऊन आला. तरुण होता, चष्मेवाला, घामाघूम झालेला. खुर्च्या, टेबलं, बशा, पलंग असं मोजत तो दिवाणखान्यात आला आणि म्हणाला, "इथं दोन लिहिलेत." मग त्यानं कॅलेंडर उचललं. नव्या चुन्याखालून खिळ्यांची भोकं स्पष्ट दिसत होती. "नाना, दुसरा कुठं आहे?"

"कुठं हाय ते मला ठावं हाय साहेब," नाना म्हणाले, "पर सांगनार न्हाई."

"विकला?"

"न्हाई."

"मग भिंत कशाला रंगवली?"

नानांनी कॅलेंडर पुन्हा सरळ केलं. मी दाराआड उभी होते आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. ओव्हरसियर वाईट नव्हता. त्यानं आठ दिवसांची मुदत दिली. दिवा जागेवर आला तर मी काही पाहिलं नाही, म्हणाला. नाही आला तर चोरीचा कागद करावा लागेल. निदान चौकीदारी जाईल आणि खोल्या खाली कराव्या लागतील. नानांनी त्याला जाताना ताक दिलं. तो ते पिऊन, खाली मान घालून गेला.

आई रडली नाही, तिचा तो स्वभाव नव्हता. तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, की मी नगरला जाऊन दिवा मागून आणते. नाना ताटावरून उठले. "दिल्यालं मागं मागायचं न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय तुला." नवऱ्याच्या गळ्याची शपथ म्हणजे तिच्या लेखी शेवट होता. दोन दिवस घरात चूल पेटायची तेवढाच आवाज. तिसऱ्या दिवशी आईनं फळीवरून दिव्याचा काढून ठेवलेला बल्ब घेतला आणि म्हणाली, "येवढा बल्ब तरी पोचवून येते. अर्धवट दिलं असं नगं." यावर नानांना हरकत घेता येईना. तिनं बल्ब कापसात, कापूस रुमालात आणि रुमाल माझ्या दप्तरात ठेवला आणि मला बरोबर घेतलं. वाचता येणारी म्हणून.

सकाळची पहिली यष्टी, मग संगमनेरला बदलून दुसरी. वाटेत सगळीकडं करपलेलं रान आणि रस्त्याच्या कडेनं खडी फोडणारी माणसं. आई सबंध वाट माझं दप्तर मांडीवर धरून बसली होती. मी मात्र खूष होते, कारण नगर पहिल्यांदाच बघणार होते. त्या दिवशी मी किती खूष होते ते आठवलं की मला अजूनही माझीच शरम वाटते.

बाईसाहेबांना मनापासून आनंद झाला. त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं, चहा आणि चिवडा दिला. दिवा बैठकीच्या खोलीत समोरच होता. पण त्यांच्या वायरमननं तो काचेचं तोंड वर करून बसवला होता. त्याला तसाच बरोबर वाटला असणार. पितळ काळवंडलं होतं आणि दुधी काचेतून आत साचलेले मेलेले किडे काळे ठिपके होऊन दिसत होते. आईनं बल्ब काढून टीपॉयवर ठेवला. मग तिनं पदर नीट केला, दिव्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "लई सुंदर हाय दिवा, बाईसाहेब."

माझ्या हातातला चिवडा तसाच राहिला. वस्तू लपवणारी माझी आई नानांची रीत वापरत होती. तिला मागायचं नव्हतं. तिला फक्त नावाजायचं होतं.

"हो ना," बाईसाहेब म्हणाल्या, "येणारा प्रत्येक जण असंच म्हणतो."

आईनं चहाचा घोट घेतला. "असं काम आता बघाया मिळत न्हाई," ती पुन्हा म्हणाली. बाईसाहेबांचेच शब्द होते ते. "अगदी खरं," बाईसाहेब म्हणाल्या आणि दिव्याकडं बघून हसल्या. आईनं थोडा वेळ वाट पाहिली. "माझा लई जीव गुतला बगा त्यात," ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज फाटला. बाईसाहेबांनी तिचा हात हातात घेतला. "किती दिवस तुमच्या घरात होता, वाटणारच. केव्हाही बघायला या," त्या म्हणाल्या.

माझ्यावर शपथ नव्हती. मी तोंड उघडून सरळ सांगू शकत होते, की दिवा सरकारचा आहे, परत द्या, नाहीतर माझ्या वडिलांची नोकरी जाईल. बाईसाहेबांनी तो त्याच क्षणी काढून दिला असता, याची मला आज पुरेपूर खात्री आहे. मी जीभ जुळवत होते. तेवढ्यात त्या माझ्याकडं वळल्या. "आणि ही पोर," त्या आईला म्हणाल्या, "किती गोड वाचते ही. मी यांनाही सांगितलं, अशी हुशार मुलगी मी पाहिली नाही. माझ्याकडं ठेवा हिला. इथल्या हायस्कुलात घालते. मला तरी कोण आहे आता घरात?"

 आईनं माझ्याकडं पाहिलं, मग दिव्याकडं. तिला नोकरी गेलेली दिसत होती, खोल्या गेलेल्या दिसत होत्या, आणि माझी शाळा सुटलेली दिसत होती. "तुमास्नी आवडली न्हवं," ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या." आणि मी गप्प बसले. मला नगरचं हायस्कूल हवं होतं. आता दिव्याचं बोलले तर हे सगळं बिघडेल, बाईसाहेबांना आमचा राग येईल, असं वाटलं. तेराव्या वर्षी एवढा हिशेब मला करता आला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दिवा आणायला गेलेली आई मला देऊन परत गेली. यष्टीत बसताना तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्या काचंतले किडे तेवढे काढ."

महिन्याच्या आत नानांची चौकीदारी गेली. ते आईला घेऊन वरच्या वाडीत राहायला गेले आणि घाटात रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागले. त्याच रस्त्याच्या, जो बघायला साहेब आले होते. बाईसाहेबांना आईनं एवढंच कळवलं, की नानांनी नोकरी सोडली, गावाकडं शेती बघतात. मी त्या घरात चार वर्षं राहिले. मला मुलीसारखं वागवलं, हेही खरं. किडे मी पहिल्याच आठवड्यात काढले आणि पुढं दर शनिवारी चिंचेनं पितळ घासत राहिले. बाईसाहेब पाहुण्यांना सांगायच्या, मंदा आली आणि दिव्याला कळा आली. तोंड वर केलेल्या त्या दिव्याखाली बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला. चार वर्षांत निदान हजारदा तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. पहिल्या वर्षी भीतीनं, नंतर नंतर सवयीनं. माझ्या आयुष्यात लाज वाटावी अशा गोष्टी बऱ्याच आहेत, पण ही पहिली आणि सगळ्यांत मोठी.

नाना तिथं एकदाच आले. मॅट्रिकचा निकाल लागला होता आणि बाईसाहेबांनी पत्र टाकून बोलावलं होतं. पायलीभर नागली आणि करवंदांची पुडी घेऊन ते दारात उभे राहिले. हाताची बोटं खडीनं सुजून जाड झाली होती. ट्रे धरायचे ते हे हात, असं कुणाला सांगूनही पटलं नसतं. बाईसाहेबांनी त्यांना कोचावर बसवलं. दिवा बरोबर समोर होता, लखलखीत. "ओळखलात का?" त्या कौतुकानं म्हणाल्या. "आणि ही बघा तुमची लेक, शाळेत पहिली. दोन्ही तुमच्याच घरचे. कसे दिसतात सांगा."

मी नानांकडं बघत होते. त्यांनी दिव्याकडं पाहिलं. उलटा दिवा सुलटा करून बसवलेला त्यांच्या लक्षात आला, कारण त्यांचा हात नकळत वर उठला आणि परत मांडीवर आला. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं आता ते म्हणतील, चांगली शिकली पोर. ओठ हललेही. पण परक्याच्या घरात बसून, समोरच्या वस्तूला चांगलं म्हणणं म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी मान खाली घातली.

"यष्टी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

बाईसाहेबांना ते तुसडेपणाचं वाटलं. नंतर त्या मला तसं म्हणाल्याही. मी नानांना स्टँडवर पोचवायला गेले. गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. नानांनी करवंदांची एक मूठ माझ्यासाठी खिशात वेगळी ठेवली होती, ती काढून दिली. मी आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी केली, बक्षिसं मिळवली, सत्कार झाले. नानांनी मला कधीही चांगलं म्हटलं नाही. आई म्हणायची, ते रात्री झोपताना तुझं नाव घेऊन हसायचे.